टक्के कशाचे? बारबेलच्या टक्केवारी कार्यक्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर उतरवलेला कार्यक्रम घेऊन जिममध्ये येणारी मुलंमुली रोज भेटतात. कार्यक्रमातले टक्के बहुतेक वेळा ठीक असतात. ज्या आकड्याचे ते काढायचे, तो आकडा मात्र फुगलेला असतो आणि तिथेच सगळं बिघडतं. दादर-परळ भागात शिकवताना जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. भर स्क्वॉट (खांद्यांवर रॉड, म्हणजे बारबेल, घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहणं) आणि ओव्हरहेड प्रेस (उभ्याने रॉड डोक्यावर ढकलणं) या चार लिफ्टवर, म्हणजे उचलींवर, आहे.

टक्केवारीचा कार्यक्रम म्हणजे नेमकं काय?

एखाद्या लिफ्टमध्ये तुम्ही एकदाच, नीट फॉर्मने, जास्तीत जास्त जेवढं वजन उचलू शकता त्याला वन रेप मॅक्स म्हणतात; जिमच्या बोलीत नुसतं मॅक्स. रोजचं वजन मनाला येईल तसं न लावता या मॅक्सच्या ठरावीक टक्क्यांवर लावायचं, आणि ते टक्के व रेप (सलग किती वेळा उचलायचं ती संख्या) आठवड्यागणिक बदलत न्यायचे. त्यामुळे जिममध्ये शिरण्याआधीच आज रॉडवर किती लावायचं हे ठरलेलं असतं. शेजारचा किती मारतोय हे बघून प्लेट चढवायची वेळ येत नाही.

मी दोन महिन्यांपूर्वीच जिम लावलंय. मी हे सुरू करू का?

नको. सुरुवातीला ताकद इतक्या भराभर वाढते की आज काढलेला मॅक्स पंधरा दिवसांत जुना होतो. आठवड्यातून तीन दिवस या, स्क्वॉटला दर वेळी अडीच किलो वाढवा, तीन सेट (सलग मारलेल्या रेपांचा एक गट म्हणजे सेट) पाच-पाच रेपचे मारा. हे जोवर चालतंय तोवर चालू द्या. झोप आणि जेवण नीट असूनही एकाच वजनावर तीन-तीनदा अडकायला लागलात, की मग टक्केवारीकडे वळा.

मॅक्स काढण्यासाठी खरंच एकदा जीव खाऊन उचलावं लागतं का?

स्पर्धेत उतरणार नसाल तर अजिबात नाही. तीन ते पाच रेपचा एक जड सेट मारा आणि सूत्राने अंदाज काढा. एप्लीचं सूत्र सोपं आहे: रेपना ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि उचललेल्या वजनाने गुणा. समजा, स्क्वॉटला ९० किलोवर ४ रेप निघाले. ४ भागिले ३० म्हणजे ०.१३३. ९० गुणिले १.१३३ म्हणजे १०२ किलो. हा तुमचा अंदाजे मॅक्स. रेप जितके वाढतील तितका हा अंदाज कच्चा होत जातो, म्हणून दहा-बारा रेपवरून मॅक्स काढू नका. कबड्डी खेळलेली किंवा जोर-बैठकांवर तयार झालेली मुलं हलक्या वजनावर भरपूर रेप काढतात. सूत्र त्यांना भलताच मोठा आकडा देतं आणि प्रत्यक्षात रॉड जागचा हलत नाही.

त्या ४ रेपांत काय मोजायचं, हे मात्र कडकपणे ठरवा. स्क्वॉटला मांडी आणि पोट जिथे मिळतात ती घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली पाहिजे. पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टच्या, स्पर्धेत हाच निकष आहे. अर्ध्यावरून उठून काढलेल्या १२० च्या मॅक्सवर टक्के लावायचे आणि कार्यक्रमात पूर्ण खाली बसायचं, याचा मेळ बसत नाही.

बेंचवर याहून मोठा घोळ होतो. डोक्यामागे उभा राहिलेला मित्र दुसऱ्या रेपपासूनच रॉडखाली बोटं घालतो आणि ओरडतो, “हलका हात आहे रे, तूच मारतोयस!” त्याचं प्रेम मला समजतं. पण ज्या रेपला दुसऱ्याचं बोट लागलं तो रेप वहीत जात नाही. बघायचं असेल तर त्या मित्राच्या खांद्यांकडे बघा. श्रग मारल्यासारखे, म्हणजे कानांकडे उचकल्यासारखे, वर येत असतील, तर किती किलो त्याने उचलले ते कळतं.

मग ट्रेनिंग मॅक्स हे काय प्रकरण आहे?

माझ्या मते सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. अंदाजे मॅक्सच्या ९० टक्के घ्यायचे आणि पुढची सगळी टक्केवारी त्या कमी आकड्यावर लावायची. वरच्या उदाहरणात १०२ चे ९० टक्के ९१.८ होतात. खालच्या बाजूला उतरून ९० धरा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, किंवा ज्यांची झोप नेहमीच अपुरी असते त्यांनी, ८५ टक्के घेतले तरी चालेल.

कारण असं की मॅक्स हा तुमच्या उत्तम दिवसाचा आकडा असतो आणि व्यायाम मात्र रोजच्या दिवशी करायचा असतो. डोंबिवलीहून उभ्याने दादर गाठून, दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी सातला जिममध्ये आलेल्या माणसाचा त्या वेळचा मॅक्स १०२ नसतो. ९० वर हिशोब केला तर अशा संध्याकाळीही ठरलेले सेट पूर्ण होतात, फॉर्म टिकतो आणि आठवड्यामागून आठवडा जोडला जातो. कमी आकड्यावरून सुरू केल्याने कोणाची ताकद कमी झालेली मी पाहिलेली नाही. वरच्या आकड्यावरून सुरू करून सहाव्या आठवड्यात खांदा किंवा कंबर धरून बसलेले मात्र पुष्कळ पाहिले.

दुसऱ्याचा कार्यक्रम वापरताना पहिला प्रश्न हाच विचारा की हे टक्के खऱ्या मॅक्सचे आहेत की ट्रेनिंग मॅक्सचे. ट्रेनिंग मॅक्सचे ८५ टक्के म्हणजे खऱ्या मॅक्सचे ७६.५. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

किती टक्क्यांवर किती रेप मारायचे?

खऱ्या मॅक्सच्या हिशोबात साधारण ९५ टक्क्यांवर २, ९० वर ४, ८५ वर ६, ८० वर ८ आणि ७५ वर १० रेप निघतात. ही तुमची कमाल मर्यादा आहे; रोज मारायचा आकडा यापेक्षा बराच कमी असतो. सोव्हिएत संघातले वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक प्रिलेपिन यांच्या नावाचा एक तक्ता १९७० च्या दशकापासून वापरात आहे. त्यात ७० ते ८० टक्क्यांसाठी एका सेटला ३ ते ६ रेप आणि सगळे सेट मिळून १२ ते २४ रेप दिले आहेत, त्यातही १८ उत्तम. ८० ते ९० टक्क्यांना सेटला २ ते ४ आणि एकूण १० ते २०. नव्वदीच्या पुढे एकेक-दोनदोन करत एकूण ४ ते १०.

हा तक्ता स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (जमिनीवरून रॉड डोक्यावर नेण्याचे वेटलिफ्टिंगचे दोन प्रकार) करणाऱ्यांच्या सरावातून आला आहे. तिथे वजन वर गेलं की खाली सोडतात, हळूहळू उतरवत नाहीत. म्हणून स्क्वॉट आणि बेंचला तो शब्दशः लावू नका. पण ७५ टक्क्यांवर दहाचे पाच सेट लिहिलेला कार्यक्रम हातात पडला, तर तो बाजूला ठेवण्याइतकी अक्कल या तक्त्यावरून नक्की येते.

चार आठवडे कसे बसवायचे? उदाहरण देऊन सांगा.

स्क्वॉटचा ट्रेनिंग मॅक्स ९० धरूया.

पहिला आठवडा: ७५ टक्के, ६ रेपचे ४ सेट. वजन ६७.५ किलो.
दुसरा आठवडा: ८० टक्के, ५ रेपचे ४ सेट. हिशोबाने ७२, रॉडवर ७२.५.
तिसरा आठवडा: ९० टक्के, ३ रेपचे ४ सेट. हिशोबाने ८१, रॉडवर ८०. शेवटच्या सेटला ३ वर न थांबता जमतील तेवढे, पण एक रेप पोटात शिल्लक ठेवून.
चौथा आठवडा: ६० टक्के, ५ रेपचे ३ सेट. ५४ च्या जागी ५५. हा डीलोड, म्हणजे अंगाला उसंत.

पहिला आठवडा हलका वाटेल आणि लोक तिथेच चुळबुळ करतात. ६७.५ म्हणजे खऱ्या मॅक्सच्या ६६ टक्के, हलकाच असणार. तो आठवडा खोली, पाठ, श्वास आणि प्रत्येक रेप सारखा करण्यासाठी वापरा.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यातल्या शेवटच्या सेटची. ८० किलोवर ८ रेप निघाले तर एप्लीच्या सूत्राने १०१ येतात. म्हणजे सुरुवातीचा अंदाज बरोबर होता आणि पुढच्या फेरीला (असे चार आठवडे म्हणजे एक फेरी) ट्रेनिंग मॅक्स ९५ करायला हरकत नाही. ४ च निघाले, तर मॅक्स ९१ च्या आसपास ठरतो आणि ट्रेनिंग मॅक्स ९० नव्हे, ८२ च्या जवळपास हवा होता. अशा वेळी ८२.५ वर उतरा आणि फेरी पुन्हा लावा. यात कमीपणा मुळीच नाही, मोजमाप दुरुस्त झालं एवढंच.

फेरीमागे वाढ किती? स्क्वॉट आणि डेडलिफ्टला ५ किलो, बेंच आणि ओव्हरहेड प्रेसला अडीच. शेवटच्या सेटला १२ रेप निघाले तरी एवढीच.

आठवड्यातून किती दिवस?

चार दिवस जमत असतील तर रोज एक मुख्य लिफ्ट. विरार किंवा कर्जतकडून येणाऱ्यांना मी तीनच दिवस सांगतो: सोमवारी स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस, बुधवारी बेंच, शुक्रवारी किंवा रविवारी सकाळी डेडलिफ्ट. चौथा दिवस कागदावर असून दर आठवड्याला बुडत असेल, तर तो कार्यक्रमात नाहीच असं धरा.

आमच्या जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट नाहीत. ७२.५ कसे लावू?

आपल्याकडची ही नेहमीची अडचण. सर्वांत लहान प्लेट अडीचची असेल तर दोन्ही बाजूंना मिळून पाचाच्याच उड्या मारता येतात. स्क्वॉटला ७० लावून एखादा रेप वाढवला तर भागतं. ओव्हरहेड प्रेसला भागत नाही: ३० किलोच्या प्रेसला ५ किलो वाढवणं म्हणजे थेट १७ टक्के. धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांतून सव्वा किलोच्या प्लेटची एक जोडी विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. घेण्याआधी भोक मोजा. ऑलिम्पिक रॉडच्या टोकाला ५० मिलिमीटरची प्लेट लागते, जुन्या रॉडच्या प्लेटचं भोक बरंच लहान असतं. तोवर मनगटाला बांधायची अर्ध्या किलोची वजनं रॉडच्या दोन टोकांना घट्ट गुंडाळून बाहेरून लॉक लावला तरी काम होतं.

रॉड किती किलोचा धरायचा?

वजन करूनच धरा. पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड २० किलोचा आणि महिलांचा १५ चा, हे वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेचं माप झालं. जिममधल्या कोपऱ्यातला पाच-सहा फुटी रॉड त्याहून कितीतरी हलका असतो, आणि त्यावर कुठे काही लिहिलेलं नसतं. रॉड हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग रॉडशिवाय, वजाबाकी करा. आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शक्यतो तोच रॉड वापरा. स्मिथ मशीनचा आकडा या हिशोबात आणू नका. तिथे रॉड रुळावरून सरकतो, तोल मशीन सांभाळते.

वॉर्मअपला किती सेट?

७२.५ चा दिवस असेल तर रिकामा रॉड १० वेळा, ४० किलो ५, ५५ किलो ३, ६५ किलो २. मग कामाचे सेट. गर्दीच्या वेळी रॅक अडवून आठ-आठ वॉर्मअप सेट लावण्याची गरज नसते.

टक्के सांगतात ८५, अंग मात्र साथ देत नाही. काय करू?

वॉर्मअपच्या शेवटच्या सेटवर निर्णय घेऊ नका, तो बऱ्याचदा उगाच जड वाटतो. कामाचा पहिला सेट मारा. रॉड वर येताना नेहमीपेक्षा स्पष्ट मंद असेल आणि सेट संपल्यावर जेमतेम एखादाच रेप हाताशी उरला असं वाटत असेल, तर वजन ५ टक्क्यांनी उतरवा आणि बाकीचे सेट त्यावर पूर्ण करा. तरी जमत नसेल तर अजून ५. त्याच्याही खाली जावं लागलं, तर त्या दिवशी घरी जाऊन झोपा.

सलग दोन आठवडे असं झालं तर दोष त्या दिवसाचा नाही. ट्रेनिंग मॅक्स जास्त आहे किंवा झोप कमी आहे. आधी झोप तपासा. पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाने रात्री साडेदहाला डेडलिफ्ट संपवली, तर हातात फार तर पाच तास उरतात. त्याला कुठलीही टक्केवारी वाचवू शकत नाही.

मे महिन्यातला आणि पावसाळ्याच्या तोंडचा उकाडा वेगळा धरा. पंखाही धड नसलेल्या व्यायामशाळेत दोन सेटमधली विश्रांती तीनऐवजी पाच मिनिटं करा आणि वजन तेच ठेवा. घामाने पकड सुटत असेल तर हाताला लावायची व्यायामाच्या चॉकची पूड. जिममध्ये तिला मनाई असेल तर द्रवरूप चॉक मिळतो, लाद्या पांढऱ्या होत नाहीत.

डेडलिफ्टला हेच टक्के लावायचे का?

टक्के तेच, सेट कमी. स्क्वॉटला चार सेट असतील तर डेडलिफ्टला दोन-तीन पुरे, कारण त्याचा थकवा कंबरेत जास्त दिवस राहतो. आणखी दोन गोष्टी बघा.

पहिली प्लेटची उंची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. दहा-दहाच्या लहान लोखंडी प्लेट लावल्या तर रॉड बराच खाली जातो आणि लिफ्ट लांबते. एका जिममध्ये काढलेला मॅक्स दुसरीकडे लागू पडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली रबरी मॅट रचून उंची जुळवून घ्या आणि किती मॅट लागल्या ते लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट आवाजाची. मुंबईतली निम्मी जिम कोणाच्या तरी छपरावर नाहीतर कोणाच्या तरी घराखाली असतात. सोसायटीची तक्रार नको म्हणून रॉड हळू उतरवावा लागतो, आणि त्यात बरीच ताकद जाते. अशा ठिकाणी सेटमधला एक रेप कमी करा.

मुख्य लिफ्टनंतर काय मारू?

ओढण्याचा एक प्रकार, एका पायाचा एक प्रकार, थोडं पोट. त्यांना टक्केवारी लावत बसू नका. आठ-बारा रेप, दोन-तीन हाताशी ठेवून.

बायकांसाठी टक्के वेगळे असतात का?

पद्धत तीच. बऱ्याच जणींना त्याच टक्क्यांवर एक-दोन रेप जास्त जमतात, म्हणून तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा सेट बघून आपला तक्ता आपण बनवा. १५ किलोचा रॉड मागून घ्या. नसेल तर प्रेसची सुरुवात डंबेलने करा. अडीच किलोची वाढ २५ किलोच्या प्रेसला १० टक्के पडते, तेव्हा लहान प्लेटची गरज इथे सर्वांत जास्त आहे. पाळीच्या दिवसांत जड वाटलं तर वर सांगितलेला ५ टक्क्यांचा नियम वापरा, नाही वाटलं तर ठरलेलं मारा.

गणपतीला गावी जातो, श्रावण आणि नवरात्रही पाळतो. कार्यक्रम मोडतो का?

कॅलेंडर समोर ठेवून मागे मोजत या, म्हणजे डीलोडचा आठवडा गौरी-गणपतीत पडेल. आठवडाभर रॉड पाहिला नाही म्हणून ताकद जात नाही. दोन-तीन आठवडे गेले असतील, तर परत आल्यावर ट्रेनिंग मॅक्स ५ ते १० टक्के उतरवून सुरू करा.

उपवासाच्या दिवसांत अनेक जण वजन निम्मं करतात आणि सेट तेवढेच ठेवतात. उलट करा. वजन ठरलेलंच ठेवा, सेट निम्मे करा. ताकद टिकवायला थोडं पण जड काम पुरतं. थकवा मुख्यतः एकूण रेपांनी येतो. श्रावणात मांस-अंडी बंद असतील तर मटकी, हरभरे, सोयाबीन, पनीर, दही यांचं प्रमाण ठरवून वाढवा. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर काढणार असाल, तर तिसरा आठवडा त्या दिवसांत येऊ देऊ नका.

गोविंदा पथकात असाल तर सरावाच्या काळात खांदे आणि कंबर रोजच राबत असतात. स्क्वॉट ठेवा, डेडलिफ्टचा एकच सेट मारा.

स्पर्धेत उतरायचंय. पहिली उचल किती टक्क्यांची?

पॉवरलिफ्टिंगमध्ये प्रत्येक लिफ्टला तीन संधी मिळतात. पहिली ९० ते ९२ टक्क्यांची, म्हणजे ज्याचे तीन रेप तुम्ही थकलेल्या दिवशीही मारू शकाल अशी. दुसरी ९५ ते ९७, तिसरी जे काय साधेल ते. इथे टक्के खऱ्या मॅक्सचे. म्हणून स्पर्धेआधीच्या फेरीत ट्रेनिंग मॅक्सवरून खऱ्या मॅक्सकडे यावं लागतं, आणि शेवटच्या आठवड्यात सेट जवळजवळ संपवावे लागतात.

पहिल्या उचलीची किंमत सांगलीच्या संकेत सरगरच्या उदाहरणातून कळते. खेळ वेटलिफ्टिंगचा असला तरी धडा तोच: २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ उचलले आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. पुढच्या १३९ ला कोपर दुखावलं आणि उरलेले दोन्ही प्रयत्न वाया गेले. तरी बेरीज २४८ झाली आणि रौप्यपदक मिळालं; सुवर्ण २४९ ला गेलं. पहिल्याच प्रयत्नात १३५ खात्यावर जमा नसते, तर बेरीजच झाली नसती.

कंबर दुखतेय, हलक्या टक्क्यांवर चालू ठेवू का?

नुसतं स्नायू आखडणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. पायात कळ उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर रॉडला हात लावू नका.

हे सगळं ॲपवर सोपवलं तर?

सोपवा, तीन गोष्टी तपासून. ॲप टक्के कशाचे काढतंय, मॅक्सचे की ट्रेनिंग मॅक्सचे. रॉडचं वजन त्यात बरोबर भरलंय का. आणि तुमच्या जिममध्ये नसलेल्या प्लेट ते धरून चाललंय का. बहुतेक ॲपमध्ये सर्वांत लहान प्लेट कोणती हे निवडता येतं. शिवाय एक साधी वही ठेवा, कारण शेवटच्या सेटला किती रेप हाताशी उरले, रात्री किती झोप झाली आणि कोणत्या रॉडवर मारलं, हे लिहायला ॲपमध्ये सहसा जागा नसते. पुढच्या फेरीचा ट्रेनिंग मॅक्स ठरवताना मी आधी तीच पानं उघडायला सांगतो.